संक्रांतीपर्यंत सायकल

सांभाराची एक जुडी आणायला मी मोटारसायकल काढली, तिथून हे सगळं सुरू झालं. कोथिंबिरीला आमच्या उमरखेडात सांभार म्हणतात. भाजीवाली गल्लीच्या तोंडाशीच बसते. आमच्या फाटकात उभं राहिलं की तिची छत्री दिसते. तरी मी गाडीवरचं कव्हर काढलं, त्याची घडी घातली, गाडी मागे घेतली, किका मारल्या. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि सकाळचा गारठा पडायला लागला होता, त्यामुळे गाडी जरा खोकली, मग चालू झाली. गेलो, सांभार घेतला, गाडी वळवली आणि परत आलो.

समोरच्या ओट्यावर काका ऊन खात बसले होते. काका म्हणजे आमचे शेजारी. सगळी नोकरी त्यांनी एसटीची बस चालवण्यात घालवली. आता निवृत्त झालेत आणि बसल्या जागेवरून गल्लीतल्या वाहतुकीवर लक्ष ठेवतात. मी गाडी लावत होतो तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं,

"किती क्विंटल आणला रे सांभार?"

हा टोला मुद्दाम होता. मी गावाच्या टोकाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. थंडीभर माझ्यासमोरून कापसाच्या गाड्या जातात आणि माझ्या तोंडात क्विंटलाशिवाय दुसरा शब्द नसतो.

"एक जुडी आणली, काका."

"मंग गाडी कायले काढली? जेवढा वेळ तू किका मारून राह्यला, तेवढ्यात लंगडी घालत गेला असता तरी वापस आला असता."

मीही सोडलं नाही. म्हणालो, "तुमी काल दाढी कराले स्कुटीवर गेलते. सलून तुमच्या भितीले लागून हाय."

"माहे गुडघे दुखते."

"स्कुटीवर चढाले नाई दुखत?"

यावर गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजमधून कोणीतरी मोठ्यानं हसलं. हसणारा भाई होता. भाईचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. तो माझ्याच वयाचा, म्हणजे पन्नाशीच्या दाराशी उभा, आणि माझा जुना दोस्त. काकांनी लगेच तोंड तिकडे वळवलं.

"तू काय हासते? तुहं घर या टोकाले, गॅरेज त्या टोकाले. रोज गाडीवर येते आन दुपारी जेवाले गाडीवर जाते. मधात फक्त एवढीशी गल्ली."

भाई हात पुसत बाहेर आला. "काका, मी गाड्याईचा मेकॅनिक हाओ. मी पायी चाललो तं लोक म्हनतीन, याच्याच गाडीचा भरोसा नाई."

मग तिघांत तोंडातोंडी झाली. कोण जास्त आळशी, हा वाद होता, आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याविरुद्ध पुरावे भरपूर होते. शेवटी काकांनी डेपोतल्या आवाजात फर्मान काढलं. उद्यापासून संक्रांतीपर्यंत गावातल्या गावात कोणी इंजिन चालू करायचं नाही. काम असेल तर सायकल. दवाखाना, पाऊस आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर माफी. बाकी जो गाडीवर सापडेल, त्यानं रविवारी शेकोटीपाशी सगळ्या गल्लीला चहा-भजी खाऊ घालायची.

"म्हंजे माह्याच धंद्यावर पैज लावून राह्यले तुमी," भाई म्हणाला. पण तोही तयार झाला. शपथ वगैरे कोणी घातली नाही. फक्त एकमेकांवर नजर ठेवायची होती, आणि त्या कामात आमची गल्ली पहिल्यापासून तरबेज आहे.

माझी बायको दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. मी तिला विचारलं, "तू पन येतं का यात?"

"मले काही काम नाई का?" ती म्हणाली आणि माझ्या हातातला सांभार घेऊन आत गेली.

इथे एक सांगून टाकतो. आम्ही दोघंही बंजारा तांड्यातले, त्यामुळे घरात आमचं बोलणं गोरबोलीत चालतं. ती जे काही बोलली ते मी माझ्या परीनं गावच्या भाषेत सांगतोय. मूळ बोलणं याहून जास्त झोंबणारं होतं.

माझी सायकल जिन्याखाली होती. तिच्यावर कुंड्या होत्या, एक फुटका कुलर होता, आणि चाकाच्या आऱ्यांत कोळ्यांनी संसार थाटला होता. ती मी भाईकडे ढकलत नेली. भाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू दूरच्या नात्यातलं कोणीतरी बऱ्याच वर्षांनी दारात आलंय. त्याच्या अब्बांचं सायकलचंच दुकान होतं आणि तो पहिलं काम शिकला ते पंक्चर काढायचं. पण मोटारसायकली आल्या आणि सायकलला हात लावणं सुटलं. चाक काढताना त्यानं दोनदा उलटा पाना फिरवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग हळूहळू हात चालायला लागले. संध्याकाळपर्यंत सायकल नुसती चालत नव्हती, तर घंटीसुद्धा वाजत होती. स्वतःसाठी त्यानं अब्बांच्या दुकानाच्या गोदामातून त्यांची जुनी, उंच, काळी सायकल काढली. काकांनी मात्र नवी कोरी, गिअरवाली घेतली.

"ड्रायव्हर मानूस हाओ. बिनागिअरची मले कशी चालंन?" ते म्हणाले.

पहिला आठवडा मी फक्त दुखणं सांभाळलं. जिनिंगकडे जाणारा रस्ता मला इतकी वर्षं सपाट वाटत होता. तो सपाट नाही. मोटारसायकलला जो चढ कळलासुद्धा नव्हता तो माझ्या मांड्यांना पहिल्याच सकाळी कळला. नाक थंडीनं लाल, पाठ घामानं ओली, आणि पुढे कापसानं भरलेला पिकअप. त्यातून उडणारे पुंजके माझ्या कानटोपीला चिकटत. मी काट्यावर पोचलो तेव्हा एक शेतकरी माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुमीच पयले काट्यावर चढा, पाव किलो कापूस निघंन." दुसऱ्या दिवशी पाय उचलेना. तिसऱ्या दिवशी मी पोटात दुखण्याचा विचार केला; पण काका ओट्यावरच होते.

काकांचं सायकल चालवणं बघायला लोक थांबत. ते सायकल बससारखी चालवत. वळणावर आधी उलट्या बाजूला जात आणि मग मोठा गोल घेऊन वळत, जणू मागे अजून सगळी बस यायची आहे. गावात पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही असा त्यांचा नियम होता, त्यामुळे सपाट बाजारपेठेत त्यांचे पाय पंख्यासारखे फिरत आणि सायकल मुंगीच्या चालीनं सरके. निघताना ते दोनदा घंटी वाजवत, कारण कंडक्टर तशी द्यायचा. आणि जुन्या सवयीनं प्रत्येक थांब्यावर त्यांचा वेग आपोआप कमी होई. एकदा थांब्यावर पिशवी घेऊन बसलेल्या एका आजीनं त्यांना ओळखलं आणि विचारलं, "पुसद जाते का, बापू?"

"पुसद मांगून येऊन राह्यली," काका म्हणाले आणि पुढे निघाले. हे त्यांनीच आम्हाला शेकोटीपाशी सांगितलं, आणि त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

पहिला सापडला भाई. त्याची अडचण अशी होती, की दुरुस्त केलेली गिऱ्हाइकाची गाडी चालवून पाहावीच लागते. ते आम्ही मान्य केलं. पण हळूहळू त्याच्या टेस्टिंगचा रस्ता लांबायला लागला. एका सकाळी तो टेस्टिंग करून आला तेव्हा गाडीच्या हँडलला फुलकोबी आणि मेथी लटकत होती.

काकांनी ओट्यावरून हात आडवा केला. "थांब. हे काय हाय?"

"ब्रेक चेक केला, काका. ब्रेक बरोबर भाजीवालीच्या समोर लागला. उलट त्याच्यावरून कळते, ब्रेक किती चांगला बसला."

त्या रविवारी भाईच्या घरची कांद्याची भजी आम्ही खाल्ली. भजी इतकी चांगली होती, की त्याला पुन्हा कधी पकडता येईल याचा सगळे मनापासून विचार करू लागले.

याच सुमाराला माझ्या सायकलच्या सीटचं सुरू झालं. रात्री मी सायकल ठेवायचो तेव्हा सीट माझ्या उंचीला असे. सकाळी बसायला जावं तर सीट खाली गेलेली. गुडघे हँडलला लागत. पहिल्या दिवशी वाटलं, बोल्ट ढिला राहिला असेल. मी तो आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी भाईकडे गेलो.

"काय भाई, अब्बानं हेच शिकवलं का? सीट रोज बसून राह्यली."

भाईनं सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मोठा पाना घेतला आणि दात-ओठ खाऊन बोल्ट आवळला. "आता हत्ती बसला तरी खाली येत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सीट खालीच. शिवाय टायरला ओली माती आणि चेनच्या कव्हरात हरभऱ्याची दोन पानं. आमच्या अंगणात हरभरा नाही. सायकल रात्री कुठेतरी जाऊन येत होती हे उघड होतं. त्यानंतरच्या पहाटे मी गजर न लावता उठलो. शेजारी पाहिलं, तर बायकोचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं. मी घोंगडी पांघरून अंगणातल्या नळापाशी जाऊन बसलो.

चांगलं उजाडायला लागलं तेव्हा फाटकाची कडी वाजली. बायको आत आली. अंगात सलवार-कुर्ता, त्यावर माझा स्वेटर, डोक्याला माझाच मफलर, आणि हातात माझी सायकल. गाल थंडीनं तुकतुकीत झाले होते. मला पाहून ती थबकली.

"कुठं गेलती?" मी विचारलं.

"फिराले."

"माह्या सायकलवर?"

"मंग कायच्यावर जाऊ? गाडी तं बंद ठेवली तुमी."

"आन सीट? बोल्ट तं भाईनं असा आवळला होता..."

तिनं स्वेटरच्या खिशातून एक पाना काढून दाखवला. त्यावर भाईच्या गॅरेजचा निळा रंग होता. म्हणजे ज्या माणसानं माझ्यादेखत दात-ओठ खाऊन बोल्ट आवळला, त्यानंच तो सोडवायला तिला पाना दिला होता.

मला राग यायला हवा होता, पण आधी नवल वाटलं. आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, आणि तिला सायकल येते हे मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो, तर ती पायरीवर बसली आणि बोलायला लागली. तिचं माहेर फुलसावंगीजवळच्या तांड्यात. शाळा गावात. तिच्या भावाची मोठी सायकल होती. दांडीवरून पाय पोचत नव्हता, म्हणून ती दांडीखालून पाय घालून कैची मारत चालवायला शिकली. सातवीपासून दहावीपर्यंत ती तशीच शाळेत गेली. पुढे लग्न झालं. लग्नात मला मोटारसायकल मिळाली होती.

"तुमी कुठंही जाले निघाले का मी मांगं बसे," ती म्हणाली. "रस्ता कसा हाय, मले कुठी माहीत? मले तुमच्या शर्टाची शिवण दिसे. कोनत्या शर्टाची कुठी उसवली, ते विचारा, सांगतो."

मी चहा करायला उठलो. चहात साखर जास्त पडली, तिनं तो तसाच प्याला, आणि मग म्हणाली, "बायपासच्या पल्याड हरभरा शेंगा भरून घाट्यावर आला हाय. पाह्यला तुमी?"

मी पाहिला नव्हता.

भाईला जाब विचारायला गेलो तर तो आधीच हात जोडून उभा होता. "भाऊ, भाभीनं कसम देल्ली होती. तुह्यापेक्षा मले भाभीचा भेव जास्त." प्रायश्चित्त म्हणून त्यानं तिच्यासाठी एक जुनी सायकल शोधून आणली. पुढे टोपली असलेली, गुलाबी, लेडीज. बायकोनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि नाही म्हणाली. मग भाईनं गोदाम उघडून दिलं, आणि तिनं स्वतः आत जाऊन एक साधी, हिरवी, दांडीवाली निवडली. तिला कैची मारायची गरज आता नव्हती, पण दांडी असलेलीच हवी होती.

त्यानंतर खेळ बदलला. आम्ही तिघं पुरुष नियमापुरती सायकल चालवत होतो. काम असलं की निघायचं, काम झालं की परत, आणि संक्रांत कधी येते याकडे डोळे. तिला कामाची गरजच नव्हती. ती भाजीला जायची आणि भाजीबाजारापुढे कुठेतरी जाऊन यायची. कोणत्या वाटेवर तूर पिवळी पडली, कुठे उसाची तोड सुरू झाली, कोणत्या वळणावर कुत्रं अंगावर येतं आणि त्याला काय म्हटलं की ते गप होतं, हे सगळं तिला माहीत असायचं. जिनिंगच्या चढावर एकदा ती माझ्या मागून आली, बाजूनं गेली, आणि जाताना घंटी वाजवली. काट्यावरच्या लोकांनी ते पाहिलं. त्या दिवशी मी कोणाचंही वजन वर मान करून सांगितलं नाही.

तिचं पाहून काकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, सायकल शिकायची हुक्की आली. साठीच्या काकूंना काकाच शिकवायला गेले आणि पहिल्याच दिवशी दोघंही रुसून वेगवेगळ्या वाटेनं घरी आली.

"हे मले म्हनते, आधी आरसा पाहा!" काकू आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या. "सायकलले आरसा कुठी असते? मी पडून राह्यली, आन हे म्हनते, इंडिकेटर काहून नाई देल्ला!"

पुढे बायकोनं त्यांना शिकवलं. मैदानात, धुकं असताना, म्हणजे कोणी पाहणार नाही. काकू आजही सरळच जातात. वळायचं असलं की उतरून सायकल वळवतात आणि पुन्हा बसतात.

जानेवारी लागला आणि एका रविवारी शेकोटीपाशी बायको म्हणाली, "मी याडीले भेटाले जातो. सायकलवर." याडी म्हणजे आई.

फुलसावंगी काही गल्लीच्या टोकाला नाही. भाईनं निखाऱ्यात काडी घातली. मी म्हणालो, "दूर हाय वं."

"शाळेत असतानी मी एकडाव भावाच्या मांगं बसून उमरखेडच्या बाजाराले आलती. तो आनू शकते तं मी जाऊ शकत नाई का?"

काका ताठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर ड्युटी लागल्याची कळा आली. "त्या रूटवर मी कितीक वर्षं गाडी चालवली. सूनबाई, गाडी मी काढतो." आता काका जाणार म्हटल्यावर मी आणि भाई घरी कोणत्या तोंडानं बसणार?

निघालो तेव्हा धुकं होतं. काकांनी दोनदा घंटी दिली. गाव सुटल्यावर दोन्ही बाजूंना कापसाची बोंडं अर्धी वेचलेली, अर्धी पांढरी. मधूनच हळदीची पानं पिवळी पडून झुकलेली. उसाच्या ट्रॉल्या आल्या की आम्ही खाली उतरून उभे राहत होतो. काका प्रत्येक थांब्यावर थांबत आणि म्हणत, "इथं पाच मिनिटं." एका थांब्यावरच्या टपरीवाल्यानं त्यांना मिठी मारली आणि चहा पाजला. भाईला तो थांबा इतका आवडला, की तो उठेचना. त्याच्या मांडीत गोळा आला होता. त्याला आम्ही दोघांनी धरून उभं केलं, तेव्हा लक्षात आलं की बायको तिथे नाही. रस्त्यावर लांब तिचा लाल मफलर, म्हणजे माझा लाल मफलर, हलताना दिसत होता. ती चहाला थांबलीच नव्हती.

आम्ही तांड्यात पोचलो तेव्हा सासूच्या अंगणात माणसं जमली होती. बायको खाटेवर बसून पाणी पीत होती. सासू तिच्यासमोर जमिनीवर बसली होती आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. मला पाहिलं आणि ती उठली. पदर सावरला आणि विचारलं,

"जमाई, गाडी इकली का?"

मला कळेना. मग कळलं. लेक सायकलवर आली, मागून जावई सायकलवर, त्याच्या मागे दोन दमलेली माणसं सायकलवर. तांड्यानं याचा एकच अर्थ लावला होता. मी कितीही म्हणालो, की गाडी घरी आहे, चांगली आहे, कव्हर घालून ठेवली आहे, तरी कोणाला पटेना. मेव्हण्यानं मला गोठ्याकडे नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, काई अडचन असंन तं मोकळं सांगा. मी हाओ ना." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी त्याला पैज समजावून सांगितली. सांभारापासून सांगितली. ऐकून त्यानं डोळे पुसले आणि गोठ्यात चारा टाकायला गेला. मला वाटतं, पैशाची अडचण त्याला जास्त बरी वाटली असती.

सासूला समजावलं ते शेवटी तिच्या लेकीनं. ती उठली, अंगणात सायकल घेतली आणि साऱ्या तांड्याला एक चक्कर मारून आली. हात सोडून नाही, काही करामत नाही, साधी चक्कर. सासू दारात उभी राहून पाहत होती. चक्कर पुरी झाल्यावर ती म्हणाली, "आता दांडीच्या वरून चालवते." आणि चुलीकडे वळली. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा. भाईनं शेंगांचा जो ढीग संपवला, त्यावरून त्याची मांडी बरी झाली असावी असं मला वाटलं.

पण झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाटेवरून उठताना अब्बांचं नाव घेत उठला. काकाही गुडघ्यावर हात ठेवून फार वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. नेमका मेव्हण्याचा पिकअप कापूस भरून आमच्याच जिनिंगला निघाला होता. मग नियमावर चर्चा झाली. पिकअप आपला नाही, इंजिन आपण चालू करत नाही, आणि नियम गावातल्या गावातला आहे. तेव्हा बसायला हरकत नाही, असं काकांनी ठरवलं. दोघांच्या सायकली कापसावर दोरीनं बांधल्या आणि दोघंही वर चढले.

बायको सायकलवरच येणार होती. मी पिकअपकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. ती चेन तपासत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. मी सायकल घेतली.

अर्ध्या वाटेत पिकअपनं आम्हाला गाठलं. भाई कापसात गाढ झोपला होता. फक्त त्याचे बूट दिसत होते. काका मात्र वर बसून मंत्र्यासारखा हात हलवत होते आणि ड्रायव्हरला ओरडून सांगत होते, "पुढं वळण हाय, सेकंड टाक!"

संक्रांतीला तिळगूळ वाटता वाटता पैज संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही आपापल्या गाडीपाशी गेलो. एकाचीही चालू झाली नाही. इतके दिवस उभ्या राहून बॅटऱ्या बसल्या होत्या आणि कार्ब्युरेटर चोंदले होते. गल्लीतल्या आणखी काही घरांनी आमचं पाहून सायकली काढल्या होत्या. त्यांच्याही गाड्या बंद. भाईच्या गॅरेजसमोर रांग लागली आणि ज्या पैजेनं धंदा बुडेल म्हणून तो ओरडत होता, तिनं त्याला महिनाभर मान वर करू दिली नाही. सायकलच्या दुरुस्त्याही यायला लागल्या होत्या. त्यानं गॅरेजच्या एका कोपऱ्यात हवा भरायचा पंप कायमचा बसवला.

आता कोण किती बदललं ते खरं सांगतो. भाई आता घरून गॅरेजला पायी येतो, सायकलवर मात्र पुन्हा बसला नाही. मांडीचं नाव सांगतो. काका बाजारात सायकलवर जातात, पण दाढीला अजून स्कुटी. त्या बाबतीत त्यांनी वाद बंद केला आहे. मी आठवड्यातून दोन-तीनदा सायकलवर जिनिंगला जातो, आणि उशीर झाला असेल त्या दिवशी गाडी काढतो. उशीर मला बऱ्याचदा होतो. बायको रोज जाते. तिनं कोणाशी पैज लावली नव्हती, त्यामुळे तिची पैज संपलीही नाही.

मार्चमध्ये उन्हं तापायला लागली तेव्हा एका पहाटे तिनं मला उठवलं. पैनगंगा पाहायची होती. नदी आमच्या तालुक्याच्या कडेनं वाहते. तिच्या पलीकडे मराठवाडा. बसमधून पुलावरून कितीदा गेलो असू, पण नदीकाठी उतरलो कधीच नव्हतो. आम्ही सायकल चालवत गेलो. पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. पाणी कमी होतं, दगडांमधून वाट काढत चाललं होतं. आम्ही चपला काढून पाय बुडवले. पाणी अजून थंड होतं. तिनं सोबत आणलेल्या भाकरी खाल्ल्या. एक बगळा आमच्याकडे संशयानं बघत उभा होता.

निघताना तिनं सायकल घराकडे न वळवता पुलावर घेतली. मी मागून ओरडलो, "तिकडं कुठं?" ती थांबली नाही. पूल ओलांडून पलीकडे गेली, रस्त्यावर एक पाय टेकवला, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि परत आली.

"काय पाह्यलं?" मी विचारलं.

"काई नाई. इकडच्यासारखंच हाय," ती म्हणाली. "उद्या अजून थोडं पुढं पाहू."